लेकीला परत बोलावू का?

“मॅडम, तिकडे दिवसभर माणूस दिसत नाही म्हणते. नुसती रडते. परत बोलावून घेऊ का?”

जावयाच्या शिक्षणासाठी मुलगी अमेरिकेतल्या लहान गावात गेली, की तिची आई मला, समुपदेशकाला, हा प्रश्न हमखास विचारते. या काकू ठाण्याच्या. जावई इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. करतो, लेक विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर सोबत गेलेली. दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे विद्यापीठ अर्बाना-शँपेन या जोडशहरात आहे. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेतं, शिकागो सव्वादोनशे किलोमीटरवर. ऑगस्टमध्ये मुलगी पोचली तेव्हा रस्ते विद्यार्थ्यांनी फुललेले होते. डिसेंबरच्या सुट्टीत तेच गाव ओस पडतं. ठाणे स्टेशनच्या गर्दीत वाढलेल्या मुलीला ते खायला उठणारच.

मी मुलीशी व्हिडिओवर बोलले आणि आधी तिचा दिवस विचारून घेतला. रात्री साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊला, आईचा फोन सुरू व्हायचा. मग मावशी, मैत्रिणी. झोपायला तीन वाजायचे, उठायला दुपारचे बारा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम चार तास उजेड येत होता, तोही खिडकीतून. राहत होती अर्बानात, जगत होती ठाण्याच्या वेळेने.

हे नैराश्य आहे का, तेही नीट पाहिलं. जेवण सुटलं असतं, जगणं नको असे विचार येत असते, तर मी आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. अमेरिकेत अशा वेळी ९८८ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो; हा क्रमांक प्रत्येक मुलीकडे असावा. इथे तशी वेळ नव्हती.

पहिला बदल मी काकूंना सांगितला. फोन संध्याकाळी साडेसातला करायचा, तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. अर्ध्या तासात ठेवायचा. काकूंना ते फार जड गेलं. “सकाळी तिचा आवाज ऐकला नाही तर मला चहा जात नाही,” म्हणाल्या. पण केलं. आईच्याच फोनने मुलगी सकाळी उठू लागली.

दुसरं मुलीसाठी. तिचं बाहेर पडणं सगळं नवऱ्याच्या सवडीवर होतं: तो प्रयोगशाळेतून सुटला, मित्राची गाडी मिळाली, तर किराणा. म्हटलं, आठवड्यातून दोनदा एकटीने बसने जायचं, वार ठरवून; सुरुवात ग्रंथालयापासून. दोन्ही शहरांत एमटीडी या स्थानिक परिवहन संस्थेची बससेवा चांगली आहे. उणे वीस अंशांतही जाता येतं, अंगावर कपडे पुरेसे हवेत आणि बस कधी येते ते बघून निघायला हवं.

“ग्रंथालयात जाऊन करू काय?” तिने विचारलं. काही नको, माणसांत बस. अर्बाना फ्री लायब्ररीत तुला कुणी उठवणार नाही.

ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर, म्हणून दुसरं ठिकाण तिनेच शोधलं: विद्यापीठाचं काचगृह. बाहेर बर्फ, आत उष्ण प्रदेशातली झाडं आणि कोकणासारखी दमट हवा. तिथून चालत ती मॉरो प्लॉट्सपर्यंत गेली. मक्याचं हे प्रायोगिक शेत १८७६ पासून चालू आहे आणि त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारच्या ग्रंथालयाची इमारत जमिनीखाली बांधली. हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्याशी भरभरून बोलली.

सगळं सुटलं असं नाही. एफ-२ वर नोकरी करता येत नाही, आणि शिकलेल्या मुलीला ते सलतं. मी तिला “रमून जाईल मन” असं कधीच म्हणणार नाही. अर्धवेळ अभ्यासक्रम मात्र घेता येतो, हे तिला ठाऊक नव्हतं. शँपेनच्या पार्कलँड कॉलेजची माहिती तिने मागवली आहे. फीचा प्रश्न आहे, म्हणून माझ्यासोबतच्या पुढच्या समुपदेशनाला जावईही बसणार आहेत.

काकूंनी तिकीट काढलं आहे, पण स्वतःचं. मे महिन्यात जाणार, कारण तेव्हा अर्बानाचा शनिवारचा शेतकरी बाजार सुरू होतो आणि लेकीला त्यांना तो दाखवायचा आहे.