घोडीचा जुनाट खोकला: रक्ताच्या टेस्टमागे किती धावायचं?

तुमच्या घोडीचं वाचलं. वय ११, कडबा खाताना ठसका, फेरीला काढली की धाप, अँटिबायोटिकचे कोर्स झाले तरी फरक नाही, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, आणि आता विचारताय की दम्याचा मार्कर दाखवणारी रक्ताची टेस्ट कुठली. आमच्या घोड्याचीही डिट्टो हीच स्टोरी, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नाही, घोडे सांभाळून आणि बिलं भरून जे कळलं तेवढंच सांगतो, औषधाचं तुमच्या व्हेटनाच विचारा.

तर रक्तावरून घोड्याचा दमा पक्का सांगेल अशी भरवशाची टेस्ट नाही. हॅप्टोग्लोबिन, सर्फॅक्टंट प्रोटीन डी वगैरे रक्तातल्या प्रथिनांवर अभ्यास झालेत पण ती दुसऱ्या कुठल्या सुजेतही वाढतात. सीरम अमायलॉइड ए या रक्तातल्या प्रथिनाची टेस्ट मात्र करून घ्या, ते उलट्या बाजूनं कामाला येतं: जंतुसंसर्ग असला तर ते झपाट्यानं चढतं, नुसत्या दम्यात सहसा चढत नाही, म्हणजे पुढचा अँटिबायोटिकचा कोर्स तरी वाचतो. अ‍ॅलर्जीचं ते महागडं पॅनेल कोणी गळ्यात मारलं तर माझ्या मते सरळ नाही म्हणा, ठणठणीत घोडेही त्यात पॉझिटिव्ह येतात.

खरं उत्तर मिळतं फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात, म्हणजे लॅव्हाजमध्ये. गुंगी देऊन नाकातून लांब नळी, कोमट सलाईन आत, परत ओढलेल्या पाण्यावर फेस दिसला पाहिजे. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल (सूज आली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण ५ टक्क्यांच्या आत असतात, १० च्या वर गेले तर सौम्य दम्याचा संशय, २५ च्या वर म्हणजे जोरदार. नुसत्या श्वासनळीतून घेतलेल्या सॅम्पलला हे आकडे लावू नका, तिथे चांगल्या घोड्यातही जास्त निघतात. आणि घोडी उभ्या जागी धापा टाकत असेल तर आधी तिला सावरू द्या, तशात नळी घालणं धोक्याचं.

आता माझं दुखणं. सॅम्पल आमच्या व्हेटनी झकास घेतलं, बर्फात घालून शहरातल्या एका लॅबला पाठवलं (नाव घेत नाही). त्यांच्या कॉम्प्युटरच्या यादीत घोडाच नव्हता, काउंटरवरच्या पोऱ्यानं बिनधास्त 'डॉग' टाकलं. बाटल्या बर्फातून काढून टेबलावर, खिडकीच्या उन्हात, कारण म्हणे 'मॅडम उद्या बघतील'. रिपोर्ट काय, तर पेशी खराब झाल्या, मोजणी शक्य नाही, रिपीट करा, आणि शेजारी कुत्र्याच्या नॉर्मल रेंज छापलेल्या! पैसे परत मागितले तर टेस्ट 'प्रोसेस' झाली म्हणे. तोवर घोड्याला श्वास घेववेना म्हणून स्टेरॉइड सुरू करावं लागलं होतं, आता रिपीट करून जे दिसणार ते औषधानं बदललेलं चित्र. अख्खा सीझन गेला, अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून लॅबला आधी फोन करा: घोड्याचा लॅव्हाज करता का, आणि त्याच दिवशी कोण बघणार. गुळमुळीत उत्तर आलं तर व्हेटना सांगून जागेवरच सेंट्रिफ्यूज करून गाळाच्या स्लाइड वाळवून ठेवा. मास्ट पेशींसाठी (अ‍ॅलर्जीशी संबंधित पेशी) टोल्युइडिन ब्लू स्टेन, म्हणजे स्लाइड रंगवायचा खास रंग, मागा, झटपट स्टेनमध्ये त्या निसटतात.

नाकातून घट्ट पिवळं येत असेल किंवा अंगावर गाठी असतील तर हे सगळं बाजूला, आधी सरकारी पशुवैद्यकामार्फत ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवा. तो माणसालाही होतो, लपवाछपवी नको.

आणि रिपोर्टची वाट बघत बसू नका, कुट्टीची धूळ आजच बंद करा. गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून लगेच घाला, आपल्याकडच्या उन्हात ठेवलेलं आंबतं. झाडलोट आणि खरारा करताना घोडी बाहेर, तोबऱ्यात कोरडा कोंडा नको. धूळ नको म्हणून कोणी गाईंचा मुरघास सुचवेल, मी तरी घोड्याला घालणार नाही, बोट्युलिझमची (जंतूच्या विषानं होणाऱ्या लकव्याची) भीती असते. शर्यतीला पळवत असाल तर क्लेनब्युटेरॉल आणि डेक्सामेथासोन ही दम्यावरची औषधं डोपिंगमध्ये पकडली जातात, तेही व्हेटना आधीच सांगा.

तुमचं कुट्टीचं मशीन तबेल्यापासून किती लांब आहे? आणि रात्री गव्हाणीजवळ खोकते की बाहेर बांधल्यावरही? ते कळवा.