बाबांच्या कानाचं मशीन कपाटात होतं

"मॅडम, मारहाण वगैरे काही नाही. दादा तसा नाहीच. पण घरी जाऊन आले की पोटात कालवतं. मी उगाच संशय घेतेय का?"

पन्नाशीच्या आसपासची ती बाई एवढं बोलली आणि पुढची पाच मिनिटं भावाचीच बाजू मांडत राहिली. दादा किती करतो, वहिनीची नोकरी किती ओढाताणीची आहे, आई गेल्यापासून सगळं त्यांच्यावरच कसं पडलं. तिच्या हातात एक घडी घातलेलं पत्रक होतं. १५ जूनला जगभर वृद्धांच्या छळाविषयी जागृती दिन पाळतात. तेव्हा ते तिच्या ऑफिसात वाटलं होतं. "यातलं एकही लक्षण बाबांना लागू होत नाही," ती म्हणाली. "मग मला बेचैन का वाटतं?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी मुलींकडून ऐकला आहे, शेजाऱ्यांकडून ऐकला आहे, एकदा कॉलेजात जाणाऱ्या नातवाकडूनही ऐकला आहे. शंका खोटी निघाली तर नातं तुटेल आणि खरी निघाली तर घरातल्या म्हातार्‍या माणसाचं पुढे कोण करणार, ही भीती सगळ्यांना सारखीच असते. म्हणून तिची हकिगत तिच्या आणि बाबांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

'छळ होतोय का?' असं मी तिला विचारलंच नाही. तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर वळ येतात, आणि अंगावर वळ दिसले नाहीत की माणूस स्वतःची समजूत घालतो. मी विचारलं, "गेल्या वर्षभरात बाबांच्या रोजच्या दिवसातून काय काय कमी झालं?"

ती थांबून थांबून सांगू लागली. सकाळचं फिरणं पडल्यापासून बंद. मित्र येत नाहीत, कारण 'येऊन दमवतात'. बाबांचा फोन बिघडला, तो दुरुस्त झाला नाही. आता बोलायचं तर दादाच्या फोनवर, तेही स्पीकर लावून. एटीएमचं कार्ड दादाकडे. मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, "हो, आणि कानाचं मशीन. हरवतील म्हणून ते कपाटात ठेवलंय."

त्या वाक्याखाली मी वहीत रेघ मारली. श्रवणयंत्र, चष्मा, काठी, कवळी यांतलं काहीही काढून घेतलं की म्हाताऱ्या माणसाची बाहेरच्या जगाकडे जायची वाट बंद होते. त्यासाठी कुणाला हात उगारावा लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मला या कामात फार उपयोगी पडते. ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते, तिथे एकदा किंवा वारंवार घडलेली कृती, किंवा जे करायला हवं ते न करणं, आणि त्यातून वृद्ध व्यक्तीला होणारी इजा किंवा त्रास, म्हणजे छळ. मारणं, टाकून बोलणं, लैंगिक अत्याचार, पैसे लुबाडणं, दुर्लक्ष करणं हे सगळं त्यात येतं. 'न करणं' हे शब्द मी लोकांना मुद्दाम दोनदा वाचायला लावते. याच संघटनेच्या अंदाजानुसार घरी, आपल्या माणसांत राहणाऱ्या ६० वर्षांवरच्या दर ६ माणसांपैकी साधारण १ जणाला वर्षभरात यातलं काही ना काही सोसावं लागतं. तिला हा आकडा सांगितला तेव्हा ती एकदम रडली. "म्हणजे मी वेडी नाही," एवढंच म्हणाली.

पुढे माझ्याकडून एक चूक झाली. पहिल्या भेटीला दादा बाबांना घेऊन आला आणि मी त्याला आत बसू दिलं. वयाची ऐंशी गाठलेले काका स्वच्छ कपड्यांत, हसतमुख. मी काहीही विचारलं की ते मान डोलवायचे आणि दादा उत्तर द्यायचा. जरा वेळाने मी विचारलं, "काका, तुम्हाला मुलं किती?" ते म्हणाले, "छान, छान आहे सगळं." दादाने माझ्याकडे बघितलं. "बघा. डोकं चालेनासं झालंय त्यांचं."

डोकं चालत होतं. कानांना ऐकू येत नव्हतं. ऐकू न येणारा माणूस असंबद्ध उत्तर देतो, घरातले त्याला विस्मरण समजतात, आणि मग त्याचं म्हणणं कुणी धरतच नाही. ज्यांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे, त्यांना तर छळाचा धोका जास्त असतो, आणि त्यांच्याही बोलण्यात तथ्य असू शकतं. 'त्यांना कुठे काय कळतंय' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. त्या दिवशी सावध व्हायला मला उशीर झाला. नंतरचे दोन आठवडे मी हळहळत होते.

दुसऱ्या भेटीला त्यांना मुलगी घेऊन आली, मशीनसकट. सेल केव्हाच संपलेला होता. हे गोळीएवढे सेल साधारण आठवडा-दहा दिवस चालतात. तिने नव्या सेलवरची तपकिरी चिकटपट्टी सोलली, हवा लागावी म्हणून मिनिटभर हातावर ठेवला, मग बसवला. तिला बाहेर बसवून मी दार लावलं. मुलगी असली तरी बाहेरच. ही भेट एकट्याचीच असायला हवी.

मी सोप्यापासून सुरुवात केली. दिवस कसा जातो? कुणाला भेटावंसं वाटतं आणि भेटता येत नाही? कुणाच्या बोलण्याने लाज किंवा भीती वाटली? मनात नसताना कुठे सही केलीत? कुणी हात धरून ओढलं, ढकललं? काकांनी उत्तर द्यायच्या आधी तीनदा बंद दाराकडे बघितलं.

"मशीन घातलं की मी फार बोलतो म्हणे," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "कागद आणतो. सही कुठे करायची तिथे बोट ठेवतो. मी करतो." आणि लगेच, "पण तक्रार नको हं. माझंच पोर आहे ते. आणि मी जाऊ कुठे?"

अंगावर खुणा नव्हत्या. तरी खुणांविषयी सांगते, कारण लोक विचारतात. वय वाढलं की त्वचा पातळ होते, हातापायांवर काळंनिळं पडणं नेहमीचं असतं, आणि कशाने झालं हे त्यांना आठवतही नाही. एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नका. पण चेहरा, मान, पाठ इथे मोठे डाग असतील, किंवा दर वेळी कारण वेगळं सांगितलं जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रंगावरून मार किती दिवसांपूर्वीचा आहे हे खात्रीने ठरत नाही. म्हणून फोटो काढून तारीख आणि सांगितलेलं कारण लिहून ठेवा.

मुलीला आज रात्रीच दादाला जाब विचारायचा होता. मी तिला थांबवलं. अशा जाबानंतर बहुतेक वेळा बहिणीचं येणंजाणं बंद होतं आणि बाबा आणखी एकटे पडतात. जिवाला धोका असेल, उपाशी ठेवलं जात असेल, औषधं बंद केली असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे समुपदेशन नको, आधी सुटका, त्याच तासाला. काकांचं तसं नव्हतं. ते पूर्ण भानावर होते, त्यामुळे काय करायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. आम्हाला घाई होती, त्यांना नव्हती. ते मान्य करणं मुलीला फार जड गेलं.

आधी डॉक्टरांकडून कान आणि स्मरणशक्ती तपासून घेतली. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम निघाली. मग साधा, मोठ्या बटणांचा, त्यांचा स्वतःचा फोन. मग काका मुलीसोबत बँकेत गेले आणि आपल्या खात्याचा वर्षभराचा उतारा त्यांनी स्वतः वाचला. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, असं ती म्हणाली.

दादा माझ्याकडे एकटा आला, काकांनी सांगितलं म्हणून. चिडून आला होता. नंतर म्हणाला, तीन वर्षांत एक रात्र सलग झोपलेलो नाही. मशीन काढलं की घर शांत होतं. पैशांचं विचारलं तर म्हणाला, "घेतले नाहीत, धंद्यात अडचण होती म्हणून वापरले." मी त्याला स्पष्ट सांगितलं: तुम्ही दमला आहात ते खरं आहे, आणि त्यावर मदत मिळायला हवी. ऐकू न येणाऱ्या वडिलांकडून सह्या घेतल्या हेही खरं आहे, आणि तो छळ आहे. दमलो म्हणून सह्या घेतल्या, असा हिशेब लागत नाही.

दादाचं म्हणणं कळल्यावर मुलगी घरी विचार करत बसली. पुढच्या वेळी तिने आपणहून सांगितलं, "दादा किती करतो, असं म्हणत मी माझा वाटा टाळत होते." हे कबूल करायला फार धैर्य लागतं. आता आठवड्यातले दोन दिवस ती बाबांजवळ असते, दुपारी काही तास मदतीला बाई येते. काकांनी मुलाकडेच राहायचं ठरवलं. अटी त्यांच्या: मशीन उशाशी, फोन स्वतःचा, आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही नाही.

तुम्हाला अशी शंका येत असेल तर न कळवता भेटायला जा, आणि भेटीतला थोडा वेळ दोघांचाच ठेवा. संस्थेत ठेवलं असलं तरी हेच करा. पैशांचे व्यवहार हातपाय धड असतानाच निदान दोन माणसांना माहीत असू द्या, एकाच्याच हाती सगळं नको. शंका खोटी ठरली तर एक अवघड संध्याकाळ जाईल, माफी मागावी लागेल. माझ्याकडे अशी माफी मागितलेली कुटुंबं आहेत, त्यांची नाती टिकली आहेत.

काकांचे काही पैसे हप्त्याहप्त्याने परत आले. उरलेल्यांचा विषय अजून मिटलेला नाही. त्यावर काका बोलायला तयार होतील तेव्हा पुढची भेट ठेवायची आहे, आणि तेव्हाही आधी ते एकटेच आत येतील.