ग्रीस परवडत नसेल तर समोरच्या किनाऱ्यावर राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात जर्मनीला बहिणीकडे जाताय, सोबत आई आहे, तिथून पाच-सहा दिवस भूमध्य समुद्राकाठी राहायचंय, पण ग्रीस-इटलीतल्या समुद्रासमोरच्या खोल्यांचे दर बघून डोळे पांढरे झाले. फारसा कुणाला माहीत नसलेला, खिशाला झेपणारा किनारा कुठला?

ग्रीसला लागून असलेल्या आल्बेनियाचा दक्षिण किनारा. त्यातही बोर्श हे गाव. त्याच किनाऱ्यावरचं सारांदा शहर नको, आणि क्सामिल गाव तर मुळीच नको, मग इन्स्टाग्रामवर कितीही निळं दिसो.

मी म्युनिकला राहतो. दोन वर्षांपूर्वी आई आली होती, तेव्हा तिला घेऊन गेलो होतो. तुमच्यासारखंच गणित: सप्टेंबर, शाकाहारी आई, मर्यादित बजेट.

आधी व्हिसाचं बघा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. आल्बेनिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल आणि तो एकदा वापरून झालेला असेल, तर आल्बेनियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. तुम्ही आधी जर्मनीत उतरणार, म्हणजे 'वापरलेला' ही अट आपोआप पूर्ण होते. पण आईचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर विषय संपला. आल्बेनियात शिरताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, आणि परत जर्मनीत यायला दुसरी एंट्री हवी. माझ्या आईच्या अर्जात एजंटाने सिंगलवर खूण केली होती. अर्ज जमा करायच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर एकेक रकाना वाचून घेतला म्हणून लक्षात आलं. तुम्हीही वाचून घ्या, आणि निघण्याआधी आल्बेनियाच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर नियम एकदा तपासा. प्रवासविम्याचंही तेच. फक्त शेंगेनपुरता काढलेला विमा इथे चालेलच असं नाही.

आता पोचायचं कसं. बोर्शच्या जवळपास विमानतळ नाही, आणि माझ्या मते ते स्वस्त राहिलंय त्याचं अर्धं कारण हेच. सोपा रस्ता म्हणजे ग्रीसच्या कोर्फू बेटावर विमानाने उतरायचं आणि तिथून सारांदाची बोट पकडायची. वेगवान बोट अर्ध्या तासात पोचवते, मोठी फेरी त्याहून बराच जास्त वेळ घेते. आम्ही माणशी २५ युरोंच्या आत गेलो. तिराना विमानतळावर उतरूनही जाता येतं (त्याला मदर तेरेसांचं नाव आहे, आईने तेवढ्यासाठी तिथून जायचा हट्ट धरला होता), पण पुढे बसचे पाच-सहा तास. साठीपुढच्या माणसाला घेऊन मी तरी ते करणार नाही.

पहिल्या दोन रात्री आम्ही सारांदात काढल्या, ती माझी चूक. हॉटेलच्या फोटोत समुद्र होता आणि खोट्या फोटोचा आरोप मला करता येणार नाही. समुद्र होताच, पण मधे एक क्रेन होती. सकाळी सातला बाजूच्या इमारतीत ठोकाठोकी सुरू व्हायची आणि आमच्या हॉटेलची लिफ्ट बंद. सारांदाभर अशी बांधकामं चालू आहेत. वर माझा फोन समोरच्या कोर्फूचं नेटवर्क पकडायचा आणि घड्याळ एक तास पुढे उडी मारायचं, कारण ग्रीस आल्बेनियापेक्षा एक तास पुढे आहे. त्या घड्याळावर भरवसा ठेवून आम्ही बोर्शची बस पकडायला तासभर आधी जाऊन उन्हात उभे राहिलो. आई म्हणाली, "एसटीची वाट बघायची सवय आहे मला, तू शांत बस."

सारांदाहून बोर्श साधारण ४० किलोमीटर. पुढच्या हिमारा गावाकडे जाणारी बस वाटेत सोडते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. रस्ता घाटाचा आहे. आईला गाडी लागत असेल तर पुढची सीट आणि आवळासुपारी.

बोर्शचं गाव वर डोंगरउतारावर आहे, आणि खाली जवळजवळ सात किलोमीटर लांब किनारा, मागे ऑलिव्हच्या बागा. सात किलोमीटर म्हणजे सप्टेंबरात दोन कुटुंबांच्या मधे शंभर-दोनशे पावलं मोकळी सापडतात. मात्र वाळू नाही. बारीक, पांढरे, गुळगुळीत गोटे आहेत. कोकणातल्या वाळूत वाढलेल्या माणसाला पहिला दिवस जड जातो. आई चपला हातात घेऊन ऐटीत उतरली आणि चौथ्या पावलाला "अगं आई गं" करत परत. पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊनच जा. पाणी मात्र असं, की गळ्यापर्यंत उभं राहिलं तरी आपल्या पायाची नखं दिसतात. सप्टेंबरात ते थंडही नसतं. जूनच्या सुरुवातीला आत शिरताना अंगावर काटा येतो म्हणे.

हॉटेल म्हणजे काय, तर एका कुटुंबाची दुमजली इमारत: खाली खानावळ, वर आठ खोल्या, अंगणात द्राक्षांचा मांडव. खोलीला गॅलरी, गॅलरीतून समुद्र, आणि मधे फक्त कच्चा रस्ता. दोघांना नाश्त्यासह रात्रीचे ३८ युरो पडले. तीच खोली ऑगस्टमध्ये जवळजवळ दुपटीला जाते असं मालकाने स्वतः सांगितलं, म्हणून महिना महत्त्वाचा. ऑगस्टात इथे येऊन "कुठे स्वस्त आहे?" म्हणू नका. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: किनारा चालत किती मिनिटांवर, मधे चढ आहे का, आणि खुर्च्या-छत्रीचे पैसे खोलीच्या भाड्यात धरलेत का. क्सामिलला दोन खुर्च्या आणि एका छत्रीला लोक जे मोजतात त्यात आमचं रात्रीचं जेवण व्हायचं. आमच्याकडे त्या हॉटेलच्याच होत्या, फुकट.

रोख पैसे लागतील. चलन लेक, आणि १ युरो म्हणजे साधारण १०० लेक धरा, हिशेब तोंडी होतो. छोट्या हॉटेलांत कार्ड चालत नाही, एटीएम दर वेळी घसघशीत शुल्क कापतं. म्हणून सारांदातच एकदम काढून घ्या. जर्मन सिमवर तिथे युरोपीय संघाचं रोमिंग लागू होत नाही. मी दोन संध्याकाळी नकाशे बघितले त्याचं बिल अजून घरात विनोदाचा विषय आहे. स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्या.

शाकाहाराचं विचारलंत, तर उपाशी राहत नाही माणूस, पण भाषेची गंमत आधी समजून घ्या. तिथे जुन्या माणसांची मान आपल्या उलट हलते: वर-खाली म्हणजे नाही, आडवी म्हणजे हो. नाश्त्याला ब्युरेक आला. पातळ पापुद्र्यांची, भाजलेली, आत सारण असलेली वडी समजा. आईने बोटाने दाखवत विचारलं, "मीट?" मालकाच्या आईने, म्हणजे तिच्याच वयाच्या आजींनी, प्रेमाने मान आडवी हलवली. आईने "नाही म्हणतात" असं म्हणत तुकडा तोंडाजवळ नेला आणि वासावर थांबली. नंतर आजींना कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आईसाठी पालकाचा ब्युरेक वेगळा. 'पा मिश' एवढे दोन शब्द पाठ करा, बिनमांसाचं. 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही. (गोव्यात 'यो' म्हणजे 'ये', त्यामुळे माझ्या मडगावच्या मित्राचा तिथे बराच गोंधळ झाला होता.)

बाकी खायला फेर्गेस मागवा: भाजलेली मिरची, टोमॅटो आणि चक्क्यासारखं चीज एकत्र शिजवलेलं, पावाशी उत्तम लागतं. भाजलेल्या भाज्या, ऑलिव्ह, अंजिरं, दही मुबलक. भरल्या मिरच्यांत आणि घेवड्याच्या सुपात कधीकधी मांस असतं, विचारून घ्या. सकाळी पेतुला मिळतात, मधाबरोबर. आईचा निकाल: "घारगेच आहेत, भोपळा घालायचा राहिलाय." तिसऱ्या दिवशी ती आजींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि गप्पा दीड तास चालल्या.

बघायला काय? एक दिवस पोर्तो पालेर्मो करा, हिमाराच्या वाटेवर. छोट्या द्वीपकल्पावर किल्ला आहे, ऑटोमन काळातला सत्ताधीश अली पाशा याच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याच खाडीत डोंगरात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा साम्यवादी काळातला. त्या काळातले काँक्रीटचे घुमटाकार बंकर तुम्हाला किनाऱ्यावरही दिसतील. साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीत देशभर १ लाख ७० हजारांहून जास्त बांधले गेले असं मानतात. आल्बेनियन माणसाला देश सोडायची मुभा नव्हती, आणि समोर तर कोर्फू दिसतंय. हॉटेलमालकाचे वडील म्हणाले की लहानपणी समुद्र बघायचा, पण फार वेळ बघायचा नाही. आता त्यांच्याच अंगणातल्या बंकरमध्ये कांदे-बटाटे ठेवतात.

बुत्रिंतचे प्राचीन अवशेष सारांदाच्या दक्षिणेला आहेत, १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत. परतीच्या दिवशी बोट संध्याकाळची घेतलीत तर सकाळी होऊन जातं. चालणं बरंच आहे, पण सावलीतून. आईचे गुडघे कसे आहेत ते कळवा. चढ झेपत नसेल तर वरच्या गावातलं हॉटेल घेऊ नका, खाली किनाऱ्यालगतचंच बघा.