पृथ्वीच्या पोटात चुंबक नाही, जनरेटर आहे

भाऊ, तू विचारलंस की लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं असं पुस्तकात दिलंय, मग चार-पाच हजार अंशाच्या गाभ्यात पृथ्वीचं चुंबक टिकतं कसं. आणि दुसरं, करंटमुळं चुंबक अन् चुंबकामुळं करंट, तर आधी कोण? पहिल्याचं उत्तर शीर्षकातच दिलंय. शाळेत गोलाच्या आत पट्टी-चुंबक काढून दाखवतात ना, ते चित्र डोक्यातून काढ, निम्मा घोळ त्याच्यानंच होतो.

दुसऱ्यासाठी मंगल कार्यालयातला डिझेल जनरेटर घे, लोडशेडिंगच्या कृपेनं आपल्या मराठवाड्यात हे यंत्र सगळ्यांना पाठ आहे. लय दिवस बंद राहिला की कधी कधी इंजिन धडधडायलंय पण व्होल्टेज शून्य, असं होतं. मग मिस्त्री येतो, बॅटरीच्या दोन वायरी फिल्ड वाइंडिंगला (करंट गेला की चुंबक बनणारी तारेची गुंडाळी) क्षणभर टेकवतो आणि बल्ब लागतात (तू हा उद्योग करू नको, व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर जळतो). झालं काय, तर आतल्या लोखंडात उरलेलं थोडंसं चुंबकत्व गेलं होतं ते परत मिळालं, त्या इवल्याशा चुंबकावर थोडा करंट तयार झाला, तो फिल्डला गेला, चुंबक वाढलं, म्हणून करंट वाढला, असं चढत गेलं. म्हणजे सुरुवातीला चिमूटभर चुंबक कुठूनही आलं तरी भागतं, पुढची सगळी ताकद डिझेलची. पृथ्वीला ते सूर्याकडून मिळालं असेल नाहीतर आणखी कुठून, आता त्यानं काही फरक पडत नाही.

पण जनरेटरमध्ये तांब्याच्या तारा ठरल्या वाटेनं गुंडाळलेल्या असतात, वर इन्सुलेशन असतं. पृथ्वीत जमिनीखाली सुमारे २९०० किमीपासून ५१५० किमीपर्यंत नुसतं वितळलेलं लोखंड-निकेल, करंट कुठूनही कुठंही जाऊ शकतो. खरी गंमत इथं आहे. एवढ्या मोठ्या वाहत्या धातूत चुंबकीय रेषा अडकल्यासारख्या होतात, प्रवाह नेईल तिकडं जातात, आणि रेषा ताणली की तिथलं क्षेत्र जोरदार होतं, म्हणजे प्रवाहाची ऊर्जा चुंबकात जमा झाली. वेग विचारशील तर हसशील, वर्षाला पंधरा-वीस किलोमीटर, गोगलगायसुद्धा पुढं जाईल. तरी जमतं, कारण आकार अवाढव्य आहे, रेषा विरून जायच्या आत प्रवाह त्यांना ताणून नव्या करतो. ढवळणं थांबलं तर हे क्षेत्र काही दहा हजार वर्षांत मरून जाईल, आणि जुने खडक तर सांगतात की ते तीन अब्ज वर्षांपेक्षा जास्त काळ आहे. म्हणजे आत सारखं नवीन बनायलंय, दुसरी वाटच नाही.

नुसतं ढवळूनही भागत नाही बरं का. वाहत्या द्रवातून चुंबक बनतं ही कल्पना १९१९ साली लार्मर या शास्त्रज्ञानं सूर्यासाठी मांडली, पण १९३३ मध्ये काउलिंग या दुसऱ्या शास्त्रज्ञानं गणितानं सिद्ध केलं की अक्षाभोवती सगळीकडून अगदी सारखं, सरळसोट क्षेत्र असल्या प्रवाहानं टिकूच शकत नाही. लोकांना वाटलं संपला विषय. मला विचारशील तर ह्याच अडथळ्यानं विषय पुढं गेला, कारण मग कळलं की प्रवाहाला पीळ पाहिजे. तो पीळ देतं पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं: वर चढणारं द्रव सरळ न जाता कोरिओलिसमुळं (फिरत्या गोलावर वाहत्या वस्तूची वाट वळते, तो परिणाम) मळसूत्रासारखं वळतं, आणि आडव्या ताणलेल्या रेषांना पिळून परत उत्तर-दक्षिण करतं. १९५५ मध्ये पार्कर या शास्त्रज्ञानं हे नीट बसवलं. प्रयोगशाळेत लोखंड कोण वितळवणार, म्हणून वितळलेलं सोडियम वापरतात, १९९९ च्या शेवटी लाटव्हियातल्या रिगाला आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला त्यात आपोआप चुंबकीय क्षेत्र उभं राहिलं.

डिझेल कुठलं म्हणशील तर गाभा थंड होतोय ते. मधला घन गाभा गोठत गोठत वाढतो, त्यातून उष्णता सुटते आणि ऑक्सिजन, सिलिकॉनसारखी हलकी द्रव्यं बाहेरच्या द्रवात राहून वर चढतात, तेच ढवळणं. जनरेटरवर लोड पडला की इंजिन दबतं ना, तसंच इथंही चुंबकीय क्षेत्र वाढलं की ते उलट प्रवाहालाच अडवतं, म्हणून ते वाढत वाढत आभाळाला भिडत नाही.

बाकी ग्रहांचं थोडक्यात. गुरूमध्ये लोखंडाऐवजी दाबानं धातूसारखा झालेला हायड्रोजन आहे. मंगळाचं यंत्र बंद पडलंय, फक्त जुन्या कवचात चुंबकत्व उरलंय. शुक्राचं नाही, हळू फिरतो म्हणून, असं लोक ठोकून देतात, पण गाभ्यातली उष्णता नीट बाहेर पडत नसावी हे मला जास्त पटतं. सूर्यावर विषुववृत्ताजवळचा भाग साधारण २५ दिवसांत फिरतो, ध्रुवांकडचा सुमारे ३५, म्हणून रेषा गुंडाळत जातात, फुगून वर येतात ते सौरडाग, आणि दर ११ वर्षांच्या आसपास उत्तर-दक्षिण अदलाबदल होते.

पृथ्वीचीही अदलाबदल होते, फक्त वेळापत्रक नाही. समीकरणांत सगळ्या क्षेत्राची दिशा उलटी केली तरी ती तेवढीच खरी राहतात, त्यामुळं निसर्गाला दोन्ही चालतं. पुरावा लांब शोधायला नको, आपल्या पायाखालचा काळा पाषाण बघ, ज्यात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरलीत. लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वी क्षेत्र उलटं असतानाचा आहे, शिवाय रेषांच्या कलावरून कळतं की तेव्हा आपला भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

आणि तुझा रूममेट म्हणतो तसं लवकरच ध्रुव उलटून मोबाईल बंद पडणार का? शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. ती व्हायलाच हजारो वर्षं लागतात, एका रात्रीत होत नाही. गेल्या दोनेकशे वर्षांत क्षेत्र थोडं कमजोर झालंय हे खरं, पण असे चढउतार आधीही झालेत आणि दर वेळी पलटी झालेली नाही. त्याला सांग, रिचार्ज मारून ठेव.