आधी भेगेची खोली विचार

अरे, पाइपातली भेग किती धोक्याची हे काढायला लगेच सॉफ्टवेअर उघडायची घाई नको. सातपूरला वर्कशॉपमध्ये जाऊन डाय पेनिट्रंटची, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाची, ती लाल रेघ आधी डोळ्यांनी बघ. ती फक्त लांबी सांगते. खोलीसाठी अल्ट्रासॉनिकवाल्याच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणाऱ्याच्या, मागे लाग. भेग पाइपच्या लांबीला समांतर असेल तर तिला हूप स्ट्रेस, म्हणजे पाइपच्या घेराच्या दिशेतला ताण, उघडतो, आणि बंद टोकांच्या पातळ पाइपात तो लांबीच्या दिशेतल्या स्ट्रेसच्या दुप्पट. पाइपच्या आतल्या बाजूच्या भेगेत दाब फटीतही शिरतो. हे मी एकदा विसरलो, साहेबांनी अख्खा रिपोर्ट परत करायला लावला! आणि के, म्हणजे भेगेच्या कडेशी ताण किती तीव्र होतो ते सांगणारा आकडा, फक्त भेगेच्या तळाशी, सगळ्यात खोल जागी, काढून थांबू नकोस. लांब, उथळ भेगेत तळ धोक्याचा. आकार अर्धवर्तुळाकडे गेला की पृष्ठभागावरची टोकं भारी पडतात.