बालगृहातल्या मुलाची बाजू मांडताना: सुरुवातीला एवढंच

साताऱ्यात बालगृहातल्या मुलांसाठी उभं राहताय, फार बरं वाटलं. कायद्याची कलमं हळूहळू कळतील. आधी एक पक्कं करा: तुम्ही मुलाचा आवाज आहात, त्याचं भलं कशात ते ठरवणारे नव्हे. ते ठरवायला बाल कल्याण समिती आहे, आणि मुलाची माहिती काढून तिला अहवाल देणारे परिविक्षा अधिकारी आहेत. "मला धाकट्या बहिणीजवळ राहायचंय" असं मूल म्हणालं, तर समितीपुढे तेच शब्द जायला हवेत. "भावनिक आधाराची गरज" असं लिहिलंत की बहीण कागदावरून गायब होते.

पहिल्या भेटीत वही काढू नका. शेजारी बसा, नाव सांगा, पुन्हा कोणत्या वारी येणार ते सांगा आणि त्या वारी जाच. न आलेली माणसं या मुलांनी खूप पाहिलेली असतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- "कुणाला सांगणार नाही" असं वचन देणं. लैंगिक अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मूल बोलू लागण्याआधीच हे सांगा.
- फोटो स्टेटसला टाकणं. ओळख उघड करणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. पाठमोराही नको, गणवेशावरून कळतं.
- अधीक्षकांशी पहिल्याच दिवशी वाद. तुम्ही निघून जाता, मूल तिथेच राहतं.

सतरा पूर्ण झालेल्यांकडे आधी बघा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँक खातं आत्ताच तपासा. अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरच्या आधाराची, सोय २१ पर्यंत मिळू शकते, पण त्याची तयारी आधीपासून लागते.