हात काळे होतात, म्हणून?

प्रश्न: मुलगी यंदा बारावी कला शाखेतून ७४ टक्क्यांनी पास झाली. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हींत ‘ए’ ग्रेड. सध्या आदिवासी डिझाइनच्या दागिन्यांना मागणी आहे, म्हणून तिने फॅशन डिझाइन करून वारली दागिन्यांचा ब्रँड काढावा असं मला वाटतं. इन्स्टाग्राम पेज मी तिच्या नावाने सुरूही केलंय, चार लाखांची सोय आहे. सोबत नमुन्याचा फोटो जोडलाय. ती मात्र चाळीतल्या काकांच्या काळबादेवीच्या दागिन्यांच्या कारखान्यात जाऊन झाळकाम (धातूचे तुकडे वितळलेल्या धातूने जोडणं) शिकते, हात काळे करून येते, कारागिरांशी बंगाली बोलायला लागलीये. मला तिला डिझायनर करायचंय, कारागीर नाही. कुठला कोर्स घ्यावा?
– एक आई, गिरगाव

उत्तर: ताई, कोर्सचं नंतर बघू. मार्क, ग्रेड, चार लाख, सगळं लिहिलंत; मुलीचं स्वतःचं म्हणणं काय, हे कुठेच नाही. ती काय करते तेवढं आहे, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

आता तीच तक्रार मी माझ्या बाजूने वाचते. अठरा वर्षांची मुलगी सुट्टीत आपणहून कारखान्यात जाते, टाकणखार (बोरॅक्स) लावून झाळ, म्हणजे जोडणारा वितळलेला धातू, सांध्यात नीट धावली का ते बघते, चुकलं की कानस घेऊन पुन्हा घासते. बंगालहून आलेले कारागीर तिला हातातलं काम सोडून शिकवतात. झवेरी बाजारात असं बसायला जागा मिळावी म्हणून डिझाइनची मुलं ओळखी काढत फिरतात. आणि तुम्हाला दिसले ते काळे हात!

कारागिरी खालची आणि डिझाइन वरचं, ही उतरंड आपण कुठून आणली कोण जाणे. बोरमाळेचा मणी आतून पोकळ असतो, त्यात लाख भरतात. भरीव केला तर माळ गळ्याला ओढेल आणि किंमत ऐकून गिऱ्हाईक पेढीची पायरी उतरेल. हा डिझाइनचाच निर्णय, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या कुणी घेतलेला नाही. कागदावर झकास दिसणारं कानातलं घातल्यावर पुढे झुकतं, कारण काढणाऱ्याला वजन कळलेलं नसतं. तुमच्या मुलीला ते कळायला लागलंय.

दुसरा समज जास्त घातक आहे: आदिवासी नक्षीला मालक नसतो, उचलायची आणि छापायची. तुमच्या फोटोत एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) लेझरने कापलेल्या कानातल्यांत चक्क देवचौक आहे, मधोमध वारलींची पालघाट देवी. डहाणू-तलासरीकडे हा चौक लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. ती शोभेची बॉर्डर नव्हे. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण ते वारली होते. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, तरी मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं, आकार उचलणाऱ्याला अडवणं कठीणच. जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन होतं. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. तेव्हा तुम्हीही चिडला असाल. मग डहाणूच्या बाईने तुमच्या कानातल्यांवर का चिडू नये?

प्रेरणा घ्यायचीच तर आधी काम शिकून घ्यावी. छत्तीसगडातल्या बस्तरचे घडवा कारागीर ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या धातूच्या वस्तू, घडवताना मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळतात, वरून माती थापतात. भट्टीत मेण निघून जातं आणि त्या जागी धातू ओततात. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखा दुसरा नग निघत नाही. धातू कळणारी मुलगी तिथे गेली तर निदान योग्य प्रश्न विचारेल, आणि एका नगाला काय दाम द्यायचा हेही तिला समजेल.

कोर्स: खारघरच्या निफ्ट या फॅशन संस्थेतलं ॲक्सेसरी डिझाइन, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं धातुकाम, अंधेरीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था. तारखा त्यांच्या संकेतस्थळांवर बघा. फॅशन डिझाइन, म्हणजे मुख्यतः कपड्यांचं शिक्षण, डोक्यातून काढा. फी भरण्याआधी वर्कशॉप बघायला मागा, आणि मुलं आठवड्यात किती तास हाताने काम करतात ते विचारा. नुसती संगणकावरची चित्रं दाखवली, तर चहा पिऊन परत या.

काळजीच करायची तर धुराची करा. झाळेत कॅडमियम असेल तर त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना बाधतो. काकांना उद्याच विचारा: कॅडमियमची झाळ वापरता का, धूर बाहेर ओढणारा पंखा आहे का, भट्टीजवळ बसताना पोरीला गॉगल देता का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर गुळमुळीत आलं, तर कारखाना बदला. शिकणं बंद करू नका.

चार लाख मुदत ठेवीत टाका. ब्रँडचं तिला शिकून झाल्यावर बघता येईल, तिला हवा असेल तर. आणि ते पेज तिला विचारून उघडलं नसेल, तर आजच बंद करा.